तासगावच्या द्राक्षातलं तांबं आणि पुढची पाच वर्षं

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तासगावजवळ घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीचं शेवटचं सत्र. प्रोजेक्टसाठी द्राक्षातलं पॉलिफिनॉल ऑक्सिडेज, म्हणजे फळ काळं पाडणारं एन्झाइम (रासायनिक क्रिया वेगाने घडवणारं प्रथिन), वेगळं करायला घेतलंत. अमोनियम सल्फेटने प्रथिन खाली बसवेपर्यंत सगळं ठीक होतं, मग ईडीटीए (धातूला धरून ठेवणारं रसायन) घातलेल्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, रात्रभर डायलिसिस केलं (प्रथिन बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवून लहान रेणू बाहेर जाऊ दिले) आणि सकाळी ॲक्टिव्हिटी, म्हणजे एन्झाइमचं काम, जवळजवळ शून्य. गाइड म्हणतात, वेळ कमी आहे, विषय बदला. घरचे म्हणतात, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्टची जागा निघालीय. आणि तुम्ही विचारताय की धातू असलेल्या एन्झाइम्सवर पीएच.डी. करण्यात काही स्कोप आहे का.

तुम्ही दोन प्रश्न एका गाठीत बांधलेत. एक, तुमच्या एन्झाइमचं काय झालं. दोन, तुमचं काय होणार. प्रोजेक्ट फसला नसता तर स्कोपचा प्रश्न इतक्या काळजीने विचारला नसता, असं मला वाटतं. म्हणून मी आधी एन्झाइमबद्दल लिहिते. मी मूळची कोरेगावची. पुण्यात पीएच.डी. केली, काही वर्षं बाहेर काढली आणि आता अठरा वर्षं सांगलीत शिकवते. या सगळ्या काळात हातात सतत धातूची प्रथिनंच होती, त्यामुळे जे लिहितेय ते प्रयोगशाळेत हाताने केलेलं आहे.

तुम्ही निवडलेलं एन्झाइम तुमच्या शेडमध्ये रोज काम करतं. त्याच्या मध्यभागी तांब्याचे दोन अणू असतात आणि प्रत्येकाला प्रथिनातल्या तीन हिस्टिडिनांनी (हे एक अमिनो आम्ल) धरलेलं असतं. रताळ्यातल्या अशाच एन्झाइमची रचना १९९८ मध्ये उलगडली, तेव्हा ते दोन अणू एकमेकांपासून जेमतेम २.९ अँगस्ट्रॉमवर (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) दिसले. त्या दोघांच्या मध्ये ऑक्सिजनचा रेणू अडकतो, फळातल्या फिनॉल जातीच्या पदार्थाचं क्विनोन नावाच्या दुसऱ्या, चटकन चिकटणाऱ्या पदार्थात रूपांतर होतं, क्विनोन एकमेकांना जोडले जातात आणि मणी काळा पडतो. गुऱ्हाळावर काढून ठेवलेला उसाचा रस काळवंडतो, त्यातही याच जातीच्या एन्झाइमचा हात असतो. तुमचे वडील पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये घड बुडवतात ते सालीवरचा मेणाचा थर मोकळा करून पाणी लवकर बाहेर काढण्यासाठी. नंतर गंधकाची धुरी देतात ती या एन्झाइमला थोपवण्यासाठी आणि तयार झालेल्या क्विनोनला परत फिरवण्यासाठी. म्हणून पहिलाच प्रश्न विचारते: तुम्ही मणी बागेतून थेट आणले होते की शेडमधून? शेडमधले, धुरी लागलेले असतील तर पुढचं काही वाचायच्या आधी ताजे मणी आणा.

आता डायलिसिसकडे. धातूच्या एन्झाइमची ॲक्टिव्हिटी ईडीटीएनंतर गेली की सगळे एकच म्हणतात, ईडीटीएने धातू काढून नेला. बऱ्याच एन्झाइम्समध्ये ते खरं असतं. पण तुमच्या एन्झाइममध्ये तांबं खूप खोल आणि घट्ट बसलेलं आहे. ते बाहेर काढायला साधारणपणे सायनाइडसारखं जहाल काहीतरी लागतं (ते तुमच्या लॅबमध्ये अजिबात करू नका). नुसत्या ईडीटीएने एका रात्रीत ते सगळं निघून जाईल यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. मला दुसऱ्याच गोष्टींचा संशय येतो.

पहिला संशय द्राक्षावरच. द्राक्ष आंबट असतं, रसाचा पीएच साडेतीनच्या आसपास. पातळ बफरमध्ये मणी वाटलेत तर बफरची ताकद तिथेच संपते आणि एन्झाइम आम्लात पोहत राहतं. वाटल्यानंतर पीएच पुन्हा मोजला होता का? बहुतेक विद्यार्थी बाटलीतल्या बफरचा पीएच वहीत लिहितात, मिक्सरमधल्याचा नाही. दुसरं असं की द्राक्षात टार्टरिक आम्ल भरपूर असतं. बी.एस्सी.ला फेहलिंगच्या द्रावणात तांब्याला विरघळत धरून ठेवणारा टार्ट्रेट तुम्ही पाहिलाय, तोच इथेही आहे. आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात मोठं कारण, फिनॉलं. वाटताना सालीतली फिनॉलं आणि एन्झाइम एकत्र येतात, क्विनोन तयार होतात आणि ते एन्झाइमलाच चिकटतात. संध्याकाळी ॲक्टिव्हिटी दिसते, रात्रभरात ती मरते. तुमच्या डायलिसिसच्या पिशवीतलं द्रावण सकाळी तपकिरी झालं होतं का? झालं असेल तर उत्तर तिथेच आहे. वाटतानाच पीव्हीपीपी (पाण्यात न विरघळणारी पॉलिमरची पूड) घाला, ते फिनॉलं शोषून घेतं. सोबत थोडं ॲस्कॉर्बिक आम्ल, आणि सगळं बर्फात.

यातलं कोणतं कारण खरं, हे मी सांगलीत बसून सांगू शकत नाही. ते तुमच्या वहीवर अवलंबून आहे. पण तपासायचं कसं ते सांगता येतं. मेलेल्या नमुन्यातलं ईडीटीए आधी साध्या बफरमध्ये डायलिसिस करून काढा, नाहीतर घातलेलं तांबं तेच धरून ठेवेल. मग त्यात काही मायक्रोमोलर कॉपर सल्फेट घाला, अर्धा तास थंडीत ठेवा आणि परत मोजा. ॲक्टिव्हिटी काही प्रमाणात परत आली तर धातू गेला होता. नाही आली तर प्रथिनाचंच काहीतरी बिघडलंय. मात्र यात एक फसवणूक आहे आणि ती मी अनेकांच्या प्रबंधात पाहिलीय. मोकळं तांबं स्वतःच कॅटेकॉलचं, म्हणजे मोजणीसाठी एन्झाइमला दिलेल्या फिनॉलचं, ऑक्सिडेशन करतं. एन्झाइम नसतानाही रंग येतो आणि आपल्याला वाटतं एन्झाइम जिवंत झालं. म्हणून तांबं आणि कॅटेकॉल पण प्रथिन नाही असा एक ब्लँक (तुलनेचा नमुना), तांबं आणि उकळलेलं प्रथिन असा दुसरा, आणि तांब्याऐवजी झिंक घातलेला तिसरा नमुना हवाच. शिवाय हे एन्झाइम काम करता करता स्वतःला निकामी करतं. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर, म्हणजे रंगाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर, ४२० नॅनोमीटरच्या प्रकाशात पहिल्या तीस सेकंदांचा चढ घ्या, पाच मिनिटांनंतरचा आकडा नको.

इथवर आलात की या विषयाचा गाभा सुरू होतो, आणि तो आहे हिशोब. प्रथिनाच्या एका रेणूमागे धातूचे किती अणू? तुमचं एन्झाइम साधारण ४० हजार डाल्टनचं धरा (एक डाल्टन म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूचं वजन). एक मिलिग्रॅम शुद्ध प्रथिनात त्याचे २५ नॅनोमोल (मोल हे रेणूंची संख्या मोजायचं एकक) होतात, दर रेणूला दोन अणू म्हणजे तांब्याचे ५० नॅनोमोल, वजनात सुमारे ३ मायक्रोग्रॅम. इतकंच. आता डायलिसिसच्या पिशवीबाहेरच्या दोन लिटर बफरमध्ये फक्त एक मायक्रोमोलर तांबं अशुद्धी म्हणून असेल, तर त्यात १२७ मायक्रोग्रॅम तांबं झालं. तुम्ही मोजायला निघालात त्याच्या चाळीसपट बाहेर फिरतंय. तुमच्याकडे तर आणखी एक गोष्ट आहे. बागेवर बोर्डोची फवारणी होतेच, मोरचूद आणि चुना. मण्याच्या सालीवरचं ते तांबं धुतलं नाही तर तुमच्या प्रत्येक आकड्यात वडिलांची फवारणी येईल. आधी अगदी सौम्य आम्लाने, मग तीन वेळा शुद्ध पाण्याने मणी धुवा आणि शेवटचं धुवण वेगळ्या बाटलीत ठेवून तेही मोजा.

हे मी इतकं ताणून सांगतेय कारण माझं दीड वर्ष यात गेलं. पीएच.डी.त माझ्याकडे झिंकचं एक एन्झाइम होतं. एका रेणूमागे एक अणू यायला हवा होता. कधी १.१ यायचा, कधी २.३, एकदा तर ३. मी त्यावर एक सुंदर कल्पना रचली की प्रथिनात धातूसाठी दुसरी एक सैल जागा आहे आणि तिथे झिंक येतं-जातं. गाइडना ती आवडली, सेमिनारही दिला. मग एका सुट्टीच्या दिवशी लॅबमध्ये कोणी नव्हतं, हातमोज्यांचा डबा संपला होता, म्हणून मी उघड्या हातांनी, आम्लात धुतलेल्या भांड्यांत काम केलं, आणि आकडा आला १.०. रबराच्या हातमोज्यांत आणि बुचांत झिंक ऑक्साइड घातलेलं असतं. माझी दुसरी जागा हातमोज्यात होती. तो सेमिनार मला परत उभं राहून मागे घ्यावा लागला. तेव्हापासून माझ्या प्रयोगशाळेत काचेचं भांडं नायट्रिक आम्लात रात्रभर बुडल्याशिवाय धातूच्या कामाला लागत नाही, आणि बफर धातू पकडून ठेवणाऱ्या चिलेक्सच्या रेझिनवरून गेल्याशिवाय वापरला जात नाही.

हिशोब चुकला तर काय होतं ते वर सांगितलं. हिशोब केलाच नाही तर काय होतं, ते या विषयाच्या इतिहासात आहे. तुम्ही उसाला युरिया टाकता, तो मातीत युरिएज नावाच्या एन्झाइममुळे फुटून अमोनिया होतो. हे युरिएज जेम्स समनर यांनी अबईच्या जातीतल्या जॅक बीनच्या बियांतून १९२६ मध्ये स्फटिकरूपात वेगळं काढलं. एखादं एन्झाइम स्फटिकरूपात मिळण्याची ती पहिली वेळ. एन्झाइम हे प्रथिन असतं, हे लोकांच्या गळी उतरवायला त्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं, १९४६ मध्ये नोबेल मिळालं. जगभर युरिएजवर काम होत राहिलं. आणि त्यात निकेल आहे हे कधी कळलं? १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियात. मधली ४९ वर्षं निकेल त्या स्फटिकांत बसून होतं. निकेलचा सजीवांत काही उपयोग असेल असं कोणाला वाटत नव्हतं, म्हणून ते कोणी मोजलं नाही.

उलटी गोष्टही घडली. १९३८ मध्ये केंब्रिजच्या मान आणि केलिन यांनी बैलाच्या रक्तातून निळसर हिरवं, तांबं असलेलं एक प्रथिन वेगळं केलं. धातू सापडला, काम सापडलं नाही. तांबं साठवायचं प्रथिन असेल असं समजून ते बाजूला राहिलं. १९६९ मध्ये जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं की ते सुपरऑक्साइड (ऑक्सिजनचं एक घातक रूप) हटवणारं एन्झाइम आहे, म्हणजे ऑक्सिजनवर जगणाऱ्या पेशींचं एक मोठं संरक्षण. मॅकॉर्ड तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगते, कारण तुमच्या वयाच्या माणसाने एकतीस वर्षं पडून राहिलेल्या प्रथिनाला त्याचं काम शोधून दिलं.

आणि धातू खरोखर कोणता, हा प्रश्न तर आजही रोज पडतो. हल्ली एन्झाइम बहुतेक वेळा ई. कोलाय या जिवाणूमध्ये तयार करून घेतात. प्रथिनाला कोणता धातू जास्त घट्ट बसेल याचा एक ढोबळ क्रम आहे, आयर्विंग-विल्यम्स क्रम: मँगनीज, लोह, कोबाल्ट, निकेल, तांबं या क्रमाने पकड वाढत जाते आणि झिंकला परत थोडी कमी होते. म्हणजे मँगनीज किंवा लोहाच्या जागेत मिळेल तिथे तांबं किंवा झिंक घुसायला टपलेलंच असतं. त्यात प्रथिन पकडण्यासाठी निकेल लावलेल्या नळीतून (कॉलम) शुद्ध केलं की निकेलही येतं. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या शोधनिबंधांत सगळ्यात जास्त वेळा मी हेच विचारते की धातू मोजलात का, की गृहीत धरलात? झिंक तर आणखी अवघड. त्याला रंग नाही, बहुतेक वर्णपटात ते दिसतच नाही. मग आम्ही झिंक काढून त्या जागी कोबाल्ट बसवतो. कार्बॉनिक अनहायड्रेजमध्ये असं केलं की एन्झाइम काम करत राहतं आणि द्रावणाला रंग येतो, त्या रंगावरून जागेचा आकार कळतो. पहिल्यांदा माझ्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या छोट्या पारदर्शक भांड्यात) तो रंग उतरला तेव्हा मी शेजारच्या लॅबमधल्या सगळ्यांना बोलावून दाखवला होता. आजही एखाद्या मुलीच्या हातून तो उतरला की मला तितकाच आनंद होतो.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. निसर्गातल्या एन्झाइम्सपैकी सुमारे एक तृतीयांशांना धातू लागतो. हवेतला नायट्रोजन बांधणारं नायट्रोजिनेज, श्वसनातली लोहाची आणि तांब्याची साखळी, पानातलं पाणी फोडणारं मँगनीजचं केंद्र, सगळं यात आलं. त्यामुळे विषय संपेल ही भीती बाळगू नका. तुमच्या रोजच्या जगाशीही तो जोडलेला आहे. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड, म्हणजे दुसऱ्या रेणूने धरून ठेवलेल्या, झिंकचं पाकीट मिळतं, त्यावर ईडीटीए लिहिलेलं असतं, तुमच्या डायलिसिसमधलंच. चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी का पडतात आणि तिथे लोहाचं वेगळं चिलेट का लागतं, हा प्रश्न आमच्याच विषयाचा आहे.

पण नोकरीचं विचाराल तर ते परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मी गोड करून सांगणार नाही. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार, वर घरभाडं. एकूण पाच वर्षं. जेआरएफ नसताना केवळ कॉलेजच्या भरवशावर पीएच.डी.ला बसू नका, विशेषतः घरावर बागेचं कर्ज असेल तर. पैशाच्या ताणात माणूस घाईने आकडे मान्य करायला लागतो, आणि या विषयात घाईने मान्य केलेला आकडा पाच वर्षांनी त्रास देतो. पीएच.डी.नंतर पोस्टडॉक, त्यानंतर प्राध्यापकाची जागा, ही वाट अरुंद आहे. माझ्याबरोबरच्या सगळ्यांना ती मिळाली नाही. ज्यांना नाही मिळाली, ते औषध कंपन्यांत प्रथिनांच्या शुद्धीकरणावर आहेत, कुणी अन्न तपासणीत, कुणी माती आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या प्रयोगशाळेत धातू मोजतंय. प्रथिन शुद्ध करता येणं आणि धातू अचूक मोजता येणं, ही दोन कौशल्यं उपाशी ठेवत नाहीत.

कारखान्याच्या नोकरीला मी कमी लेखत नाही. माझे काही उत्तम विद्यार्थी तिथे आहेत. गाळपाच्या हंगामात शिफ्टमध्ये जीव जातो, पण हंगाम संपल्यावर अभ्यासाला वेळ मिळतो, आणि नेट वर्षातून दोनदा असते. घरची निकड असेल तर एक हंगाम नोकरी करून परीक्षा द्या. वर्ष गेलं म्हणून या विषयात कोणी मागे पडत नाही. मात्र तिथून परत याल का, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. काही परत येतात, काहींचं लग्न ठरतं, पगाराची सवय लागते. मी स्वतः घरच्यांशी दोन वर्षं वाद घालून गेले. तुमच्या घरी काय चालेल ते मी ठरवू शकत नाही, पण वडिलांना शेडमध्ये नेऊन त्या दोन तांब्याच्या अणूंची गोष्ट एकदा सांगून बघा. धुरी का देतो हे त्यांना तुमच्याहून जास्त माहीत आहे, तिथून बोलणं सुरू होऊ शकतं.

गाइड निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्या लॅबमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याशी बोला. फसलेला प्रयोग दाखवल्यावर गाइड काय म्हणतात, हे त्याला विचारा. पुण्यात आणि मुंबईत या विषयाला लागणारी यंत्रं आहेत. तालुक्याच्या कॉलेजात ईपीआर (चुंबकीय क्षेत्रात धातूचे सुटे इलेक्ट्रॉन पाहणारं यंत्र) नसतं, आणि नसलं तरी चालतं. आयआयटी मुंबईच्या सैफ या सामायिक यंत्रकेंद्रासारख्या ठिकाणी शुल्क भरून नमुना मोजून मिळतो. सांगलीत मी अर्धी कामं साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवरच करते. २०१९ च्या पुरात वीज गेली, डीप फ्रीझरमधली चार वर्षांची प्रथिनं गेली, तेव्हा पुन्हा उभं राहता आलं ते त्या वह्यांमुळे, कारण प्रत्येक नमुना कोणत्या भांड्यात, कोणत्या बफरमध्ये आणि किती धातूसह होता ते लिहिलेलं होतं.

तुमच्या गाइडना भेटताना विषय बदलायचा की नाही यावर वाद घालू नका. दोन आठवडे मागा आणि दोन आठवड्यांत काय करणार ते कागदावर न्या: ताजे धुतलेले मणी, पीव्हीपीपी घालून वाटणं, वाटल्यानंतरचा पीएच, ईडीटीए असलेलं आणि नसलेलं असं शेजारी शेजारी डायलिसिस, आणि तांबं परत घालून पाहणं, तिन्ही ब्लँकसह. ईडीटीए नसलेल्या पिशवीतही ॲक्टिव्हिटी गेली तर धातूचा प्रश्नच उरत नाही, आणि तोही प्रबंधात लिहिण्याजोगा निकाल आहे. फक्त ईडीटीएच्याच पिशवीत गेली तर मला नक्की कळवा, कारण मग माझा अंदाज चुकलाय आणि तुमच्या जातीच्या द्राक्षात तांबं इतकं सैल का बसलंय हे मलाही जाणून घ्यायचंय.

आणि हे लवकर करा. बेदाण्याचा हंगाम एप्रिलपर्यंतच चालेल. धुरी न लागलेल्या, फवारणीच्या तारखा माहीत असलेल्या एकाच ओळीतले पाच किलो मणी आत्ताच धुऊन, लहान पिशव्यांत भरून फ्रीझरला टाका आणि प्रत्येक पिशवीवर तारीख घाला. नाहीतर पुढच्या छाटणीनंतरच्या द्राक्षापर्यंत थांबावं लागेल.